लेवीयचा आठवा अध्याय मंडळीला परत द्या : आमच्या पाळकसाहेबांना आणि पंच कमिटीला खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंच कमिटीतील बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

जानेवारीतल्या प्रभुभोजनाच्या रविवारी, उपासना सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी, आपल्या मंडळीतल्या सर्वांत वृद्ध वडिलांना आतल्या खोलीत बोलावून सांगण्यात आलं की आजपासून भाकरीचं ताट तुम्ही धरू नका. तुमचा हात कापतो, उपासना आता मोबाइलवर थेट दाखवली जाते, ते बरं दिसत नाही. ते काही बोलले नाहीत. मागच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. भाकरी त्यांच्यापर्यंत आली तेव्हा उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार देऊन त्यांनी ती घेतली. तीस-पस्तीस वर्षं जे ताट त्यांनी बाकाबाकांवरून फिरवलं, ते त्या दिवशी त्यांच्यासमोरून पुढे गेलं.

त्याच उपासनेत सूचनांच्या वेळी नव्या वर्षाचा वाचनक्रम जाहीर झाला. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायानंतर थेट गणना हे पुस्तक. मधलं सगळं वगळलेलं. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या, अभ्यासक्रमातूनही लेवीय, म्हणजे याजकांच्या आणि अर्पणांच्या नियमांचं पुस्तक, पूर्ण काढलं आहे. कारण असं सांगितलं की रक्ताचे आणि बळींचे अध्याय आजच्या पिढीला जड जातात. आणि फेब्रुवारीपासून शास्त्रपाठ वाचायला, प्रार्थना चालवायला व्यासपीठाची पायरी फक्त दीक्षित सेवकांनी आणि पंचांनी चढायची, असा ठराव झाल्याचं फलकावर लागलं.

मी दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे उघड लिहिते आहे. हे पत्र आपल्यासाठी आहे, तसंच आपल्या मंडळीतल्या आणि इतर मराठी मंडळ्यांतल्या ज्या लोकांना असंच मागच्या बाकावर बसवलं गेलं आहे, त्यांच्यासाठीही आहे.

मी सत्तावीस वर्षं शब्बाथ शाळेत शिकवते. पण माझा या प्रकरणातला जीव त्याहून जुना आहे, तो आधी सांगते.

माझे आजोबा महारोगी होते. हा शब्द आता कोणी वापरत नाही आणि वापरूही नये, पण त्यांच्या कपाळी तोच मारला गेला होता. मिशनच्या कुष्ठधामात ते बरे झाले, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मग गावी येऊन वेशीबाहेर राहिले. उजव्या हाताचा अंगठा पेरापर्यंत झिजलेला. पायांची बोटं गेलेली. कानांच्या पाळ्या जाड होऊन लोंबलेल्या. पवित्र शास्त्राचं पान उलटायला बोट उरलं नव्हतं, म्हणून ते मनगटाची कड पानावर ठेवून हळूच सरकवायचे. त्या काळच्या पाळकांनी एका रविवारी त्यांच्या हाती भाकरीचं ताट दिलं. दोन-तीन घरं उठून बाहेर गेली. मी नऊ वर्षांची होते, मला ते पाठमोरे लोक आठवतात.

पुढच्या रविवारी पाळकांनी उपदेश केला नाही. दोन उतारे वाचले फक्त. पहिला लेवीय आठ : आपला भाऊ अहरोन याला पहिला महायाजक, म्हणजे मुख्य पुरोहित, नेमताना मोशे मेंढ्याचं रक्त घेऊन त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. दुसरा लेवीय चौदा : कुष्ठरोगातून शुद्ध झालेल्या माणसाला छावणीत परत घेताना याजक अर्पणाचं रक्त त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. मग तेच दोन्ही उतारे त्यांनी पुन्हा एकदा वाचले. दुसऱ्या वेळी वाचन चालू असताना आजोबांनी आपला उरलेला अंगठा उचलून आपल्याच कानाला लावून पाहिला.

मला लेवीय हे पुस्तक तिथून मिळालं. आपण ते जड म्हणून काढलंत, म्हणून मला गप्प बसवत नाही.

शास्त्रातला तो शब्द आजच्या कुष्ठरोगापुरता नाही, हे मला ठाऊक आहे. त्यात त्वचेचे कितीतरी विकार येतात, कपड्यावरची बुरशी आणि घराच्या भिंतीवरचा डागही येतो. हॅन्सनने नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू शोधला तो १८७३ साली. तरीही ज्याला छावणीबाहेर काढलं होतं त्याला परत घेताना महायाजकाच्याच खुणा लावायच्या, हा नियम काही जंतूवर अवलंबून नाही. सगळ्या नियमशास्त्रात या तीन जागी रक्त दोनच माणसांना लागतं. एक पवित्रस्थानात शिरणारा, दुसरा वेशीबाहेरून परत येणारा. आणि दुसऱ्याला त्या रक्तावर तेलही लावतात, उरलेलं तेल डोक्यावर. येशूने गालीलात ज्या कुष्ठरोग्याला हात लावला, त्याला त्याने याजकाकडे जाऊन मोशेने नेमलेलं अर्पण करायला सांगितलं. ते अर्पण म्हणजे हाच चौदावा अध्याय. तो वाचलाच नाही, तर मार्काच्या पहिल्या अध्यायातली ती गोष्ट आपली मुलं नुसती चमत्कार म्हणून ऐकतील. त्या माणसाला काय परत मिळालं, ते त्यांना कळणार नाही.

आता आठव्या अध्यायाकडे येते, कारण आपल्या तिन्ही निर्णयांचं उत्तर तिथे आहे.

सुरुवातीलाच देव मोशेला सांगतो, सगळी मंडळी दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूच्या, दारापाशी जमव. आपल्या मराठी बायबलात शब्द तोच आहे, मंडळी. याजकाचा संस्कार बंद खोलीत झाला नाही. ज्यांच्यासाठी तो याजक होणार होता त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. लेव्यांना, म्हणजे लेवी वंशातल्या लोकांना, सेवेसाठी वेगळं केलं तेव्हा तर, गणना आठमध्ये, इस्राएल लोकांनीच त्यांच्यावर हात ठेवले. आपला ठराव मात्र आम्हाला फलकावर वाचायला मिळाला.

मग मोशे अहरोनाला पाण्याने धुतो. अहरोन स्वतः धुऊन येत नाही. इथे मी वर्गात नेहमी थांबते आणि मुलांना विचारते, हा अहरोन कोण? मोशे डोंगरावर असताना ज्याने लोकांना पूजायला सोन्याचं वासरू घडवलं तो. याजकाच्या संस्काराचा हुकूम निर्गम एकोणतिसाव्या अध्यायात आहे, वासराची गोष्ट बत्तिसाव्यात आहे, आणि हुकमाची अंमलबजावणी लेवीय आठमध्ये. म्हणजे बोलावणं आणि संस्कार यांच्या मधोमध ते वासरू उभं आहे, आणि तरी देवाने बोलावणं मागे घेतलं नाही. संस्काराचे सात दिवस झाल्यावर आठव्या दिवशी अहरोनाला पापार्पण म्हणून वासरू आणायला सांगितलं. त्यावर अकराव्या शतकातले यहुदी भाष्यकार राशी लिहितात की या वासराने त्या वासराचं प्रायश्चित्त झालं, हे अहरोनाला कळावं म्हणून. ज्याची चूक सगळ्या छावणीला ठाऊक होती त्याला सगळ्या छावणीसमोर धुतलं. आपल्या बाप्तिस्म्याचा अर्थ मला याहून नीट कुठे सापडला नाही. आपण धुतले गेलो, आपण स्वतःला धुतलं नाही. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात दहाव्या अध्यायात लिहिलं आहे की आपली अंतःकरणं शिंपडून शुद्ध झाली आहेत आणि शरीरं निर्मळ पाण्याने धुतली आहेत, म्हणून जवळ येऊ या. धुणं आणि शिंपडणं, याजकाच्या संस्कारातल्या दोन्ही गोष्टी तिथे सर्व विश्वासणाऱ्यांबद्दल बोलल्या आहेत. पंचांबद्दल वेगळं वाक्य नाही.

मग पोशाख. अंगरखा, कमरबंद, झगा, एफोद म्हणजे झग्यावरचं खांद्यांवर अडकवायचं वस्त्र, छातीवरचा ऊरपट, मंदील, आणि कपाळावर सोन्याची पट्टी, तिच्यावर कोरलेलं ‘परमेश्वरासाठी पवित्र’. झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची डाळिंबं आणि मध्ये मध्ये सोन्याची घुंगरं. पायताणाचा उल्लेख कुठेच नाही. हे सगळं मुलांना फार आवडतं, रंगवायला कागद पुरत नाहीत. पण त्याच अध्यायाच्या तिसाव्या वचनात काय होतं ते बघा. मोशे तेल आणि वेदीवरचं रक्त घेऊन अहरोनावर आणि त्याच्या वस्त्रांवर शिंपडतो. इतक्या कारागिरीने विणलेला नवाकोरा पोशाख पहिल्याच दिवशी डागाळला, आणि डागाळल्यावरच तो पवित्र ठरला. थेट प्रक्षेपणात काय बरं दिसतं याचा विचार करताना हे वचन समोर असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग हात भरणं. इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत याजकाचा संस्कार करण्याला शब्दच आहे ‘हात भरणे’. दुसऱ्या मेंढ्याची चरबी आणि उजवी मांडी, बेखमीर भाकर, तेलातली पोळी, चपाती, हे सगळं मोशेने अहरोनाच्या आणि त्याच्या मुलांच्या हातांवर ठेवलं. त्यांनी ते देवासमोर ओवाळलं. मराठी बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. ओटी भरताना आपण पदर पसरून उभ्या राहतो, काय पडेल ते आपण निवडत नाही, आणि पदरात पडलं ते सांभाळून धरतो. फरक पुढे आहे. लगेचच्या वचनात मोशे ते सगळं त्यांच्या हातांवरून उचलतो आणि वेदीवर जाळतो. भरलेले हात जागच्या जागी रिकामे झाले. याजकाचा हात भरतात तो देऊन टाकण्यासाठी, ही गोष्ट अहरोनाने पहिल्याच दिवशी आपल्या तळहातांवर अनुभवली.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात मोशेच्या पुस्तकांचं ग्रीकमध्ये भाषांतर झालं. तिथे ‘हात भरणे’साठी ‘हात परिपूर्ण करणे’ असा शब्दप्रयोग केला, आणि त्या मेंढ्यालाही परिपूर्णतेचा मेंढा म्हटलं. इब्री लोकांस पत्राचा लेखक तेच ग्रीक शास्त्र वाचत होता. तो जेव्हा म्हणतो की पुत्र, म्हणजे येशू, सदासर्वकाळ परिपूर्ण केलेला आहे, तेव्हा त्याच्या कानात याजकाच्या संस्काराचा शब्द वाजतो आहे. आणि दहाव्या अध्यायात तोच शब्द तो आपल्यावर आणतो : एकाच अर्पणाने त्याने पवित्र होणाऱ्यांना सर्वकाळचे परिपूर्ण केले आहे. म्हणजे ज्याचे हात देवाने भरले त्या एका महायाजकाने आपले हात भरले. एखाद्या बाईला स्वयंपाक करताना, एखाद्या ड्रायव्हरला स्टिअरिंग धरताना, त्या वृद्ध वडिलांना कापत्या हाताने ताट धरताना, हे हात भरलेले आहेत असं सांगता यावं, यासाठी हा अध्याय लागतो. पेत्र आपल्या पत्रात सगळ्यांना पवित्र याजकगण म्हणतो, प्रकटीकरण म्हणतं त्याने आपल्याला याजक केलं. पण याजक म्हणजे काय, हे पेत्र सांगत बसत नाही. त्याने धरून चाललेलं आहे की वाचणाऱ्याला लेवीय माहीत आहे.

आता माझ्या तक्रारी, एकेक करून.

पहिली तक्रार वाचनक्रमाची. मुलांना जड जातं, हे कारण मला पटत नाही. यहुदी परंपरेत लहान मुलांचं शिक्षण उत्पत्तीऐवजी लेवीयपासून सुरू करत. मुलं शुद्ध, अर्पणं शुद्ध, तेव्हा शुद्धांनी शुद्धाचा अभ्यास करावा, असं त्याचं कारण जुन्या मिद्राशात, म्हणजे यहुदी भाष्यसंग्रहात, दिलं आहे. आपल्याच भाषेत बोलणारे कोकणातले बेने इस्राएल यहुदी ज्या परंपरेचे, तिच्यात तोराह, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वर्षभरात पूर्ण वाचतात आणि लेवीय त्यात येतंच. आणि आपल्या घरातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं पवित्र शास्त्र उतरवत राहिल्या. १९२२ साली त्यांनी डोळे मिटले त्याच्या थोडं आधी ते काम पुरं झालं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी त्याच्या छपाईचे खिळे जुळवले. ज्यांना घरातून टाकलं होतं अशा बायकांनी लेवीयचं अक्षर न् अक्षर हातांनी जुळवलं, आणि आपण शंभर वर्षांनी इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलांना ते झेपणार नाही म्हणतो.

माझ्या वर्गात काय होतं ते सांगते. मी लाल जलरंग घेऊन मुलांच्या कानाला, अंगठ्याला, पायाला टिपका लावते. कान आधी का, ते आम्ही बोलतो : ऐकल्याशिवाय हात उचलायचा नाही, आणि हात घालायचा ठरल्यावर पाय मागे घ्यायचा नाही. गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, “बाई, सगळं उजवंच का? मी डावखुरा आहे.” मला उत्तर सुचेना. आम्ही चौदावा अध्याय उघडून पुढे वाचत गेलो, तर तिथे याजक तेल ओततो ते स्वतःच्या डाव्या तळहातावर. त्या पोराने आपला डावा तळहात पुढे केला आणि तास संपेपर्यंत मिटला नाही. हे वर्ग आपण बंद केलेत.

दुसरी तक्रार व्यासपीठाच्या पायरीची. ठरावाचं समर्थन करताना एका पंचांनी मला कोरहाची आठवण करून दिली. सगळी मंडळी पवित्र आहे, असं म्हणून तो मोशे-अहरोनावर उठला आणि जमिनीने त्याला गिळलं. हा दाखला गंभीर आहे, मी तो टाळत नाही. पण कोरहाला हवं होतं ते पद, आणि तेही जे देवाने दिलेलं नव्हतं. आम्ही पाळकसाहेबांचं पद मागत नाही. दीक्षा आम्ही मानतो, त्यांच्या हातून प्रभुभोजन घेतो, त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतो. आम्ही मागतो ते वाचन आणि प्रार्थना, जे देवाने सिनायाच्या पायथ्याशीच सबंध लोकांना देऊ केलं होतं : तुम्ही माझं याजकराज्य व्हाल, निर्गम एकोणीस. आणि आज अहरोनाच्या जागी कोणी बसायचंच असेल, तर ती जागा रिकामी नाही. तिथे ख्रिस्त आहे, तोही यहूदाच्या वंशातला, ज्या वंशातून मोशेने याजकाबद्दल काही सांगितलं नव्हतं. १५२० साली मार्टिन ल्यूथरने जर्मन सरदारांना उद्देशून हेच लिहिलं होतं, की बाप्तिस्म्यातून वर आलेला प्रत्येक जण याजक म्हणून अभिषिक्त आहे. रोमन कॅथलिक बंधूही बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या डोक्याला तेल लावताना याजक, संदेष्टा आणि राजा अशा ख्रिस्ताशी त्याला जोडतात. आपण मात्र संस्काराचा अध्याय वाचनातून काढला आणि त्यातला मान तेवढा ठेवून घेतला. हे मला कठोर वाटतं, तरी लिहावं लागतं.

तिसरी तक्रार, कापत्या हाताची. इथे कोणी लेवीय एकविसावा अध्याय काढेल. अंगात व्यंग असलेल्या अहरोनाच्या वंशजाने अर्पण करायला पुढे जाऊ नये, असं तिथे आहेच. माझ्या आजोबांना हे वचन लोकांनी कितीदा तरी ऐकवलं. ते मी पुसून टाकत नाही. पण त्याच ठिकाणी पुढे असंही आहे की परमपवित्र अन्न त्याने खावं. त्याला घराबाहेर काढलेलं नाही. आणि आपला महायाजक मेलेल्यांतून उठला तो कसा उठला? हातांवर आणि कुशीत जखमांच्या खुणा घेऊन. शिष्य थोमाला त्याने त्याच दाखवल्या. जो परमपवित्रस्थानाच्या पडद्याच्या आत गेला आहे त्याच्या अंगावर व्यंगाच्या खुणा आहेत. त्याच्या मेजावरचं ताट धरायला कापरा हात का चालत नाही, याचं उत्तर मला कमिटीकडून लेखी हवं आहे.

चौथी गोष्ट तेलाची. डिसेंबरच्या संजीवन सभांत आपल्याच आवारात टेबल मांडून ‘अभिषेकाचं तेल’ बाटल्यांतून विकलं गेलं. निर्गम तिसाव्यात त्या तेलाचं प्रमाण दिलेलं आहे : गंधरस पाचशे शेकेल (वजनाचं जुनं माप), दालचिनी अडीचशे, सुगंधी बच अडीचशे, तज पाचशे आणि जैतुनाचं तेल एक हिन (द्रवाचं जुनं माप). लगेच पुढे ताकीद आहे की हे कोणा साध्या माणसाच्या अंगावर ओतू नये, यासारखं दुसरं बनवू नये, बनवील तो आपल्या लोकांतून तोडला जाईल. याकोब आपल्या पत्रात आजाऱ्याला तेल लावायला सांगतो, पण ते मंडळीचे वडील घरी जाऊन लावतात, प्रार्थना करतात, पैसे घेत नाहीत. एका विधवेने औषधाच्या पैशातून दोन बाटल्या घेतल्याचं मला तिने स्वतः सांगितलं. लेवीय आणि निर्गम ऐकलेली मंडळी असती तर ते टेबल आवारात लागलं नसतं. ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त. हा अभिषिक्त, मशीहा, शब्द शास्त्रात पहिल्यांदा येतो तो लेवीयच्या चौथ्या अध्यायात, याजकासाठी. त्याच्या नावाने ख्रिस्ती म्हणवणाऱ्याला बाटली विकत घ्यावी लागत नाही.

आणखी एक, नावांच्या यादीबद्दल. महायाजकाच्या खांद्यांवर दोन गोमेद रत्नं होती, एकेकावर सहा वंशांची नावं. तीच बारा नावं पुन्हा छातीवरच्या ऊरपटावर, चार रांगांत बारा रत्नांवर. भार खांद्यावर आणि नाव काळजावर, असा तो आत जायचा. आपल्याकडे दर रविवारी आजाऱ्यांची, परगावी गेलेल्यांची, दुःखात असलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना व्हायची. माझी आजी बायबलबाई, म्हणजे घरोघरी जाऊन शास्त्र सांगणारी, होती, तिच्या पिशवीत अशा नावांची वही असायची, आणि कोणी बरं झालं तरी ती नाव खोडायची नाही, पुढे तारीख लिहायची. उपासना सव्वा तासात संपवायची म्हणून ही यादी बंद झाली आहे. सहा मिनिटं वाचली असतील.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

निर्गम पंचवीस ते चाळीस आणि लेवीय हे वाचनक्रमात आणि शब्बाथ शाळेच्या अभ्यासक्रमात परत घ्यावेत. अहरोन आणि त्याची मुलं सात दिवस दर्शनमंडपाच्या दारी बसून राहिली आणि आठव्या दिवशी त्यांची सेवा सुरू झाली. आपणही या संस्कारावर सलग आठ रविवार उपदेश करावा, आणि नियमाबाहेरचा अग्नी नेऊन मेलेल्या अहरोनाच्या मुलांचा, नादाब-अबीहूचा, दहावा अध्यायही त्यात टाळू नये. व्यासपीठाबाबतचा ठराव स्थगित करून मंडळीची साधारण सभा बोलवावी, स्त्री-पुरुष सर्व सभासदांची, आणि तिथे तो उघडपणे चर्चेला घ्यावा. आवारात तेल किंवा इतर काहीही ‘अभिषिक्त’ म्हणून विकायला बंदी घालावी, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना ते परत मिळवून द्यावेत. नावांची यादी पुन्हा सुरू करावी. आणि वृद्ध वडिलांकडे पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन त्यांच्या हाती ताट परत द्यावं. उपासनेच्या वेळी, मंडळीसमोर. कॅमेरा चालू असला तरी हरकत नाही.

झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंत, लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. तोवर मी वर्गणी थांबवणार नाही, उपासना चुकवणार नाही, आणि कोणाला चुकवायला सांगणार नाही. शब्बाथ शाळेच्या वर्गाची परवानगी नसल्यामुळे मुलं दर रविवारी साडेआठला माझ्या घरी येतात. ऊरपटाच्या रत्नांसाठी पुठ्ठ्याचे बारा तुकडे कापून झाले आहेत, सात रंगवून झाले. पाच बाकी आहेत. नावं बारा वंशांची घालायची की आपल्या मंडळीतल्या आजाऱ्यांची, यावर मुलांचं अजून ठरत नाही.

ख्रिस्तात आपली बहीण,
शब्बाथ शाळेतली एक शिक्षिका